पहिलं क्रेडिट कार्ड: महिना वीस हजारांच्या खर्चावर खरोखर किती वाचतं?

भांडुपकर

नमस्कार मंडळी. घरात पहिल्यांदाच क्रेडिट कार्ड घ्यायचं आहे. त्याआधी नीट हिशेब मांडून हवा आहे.

हातात पगार ६२,००० येतो, महिन्याच्या शेवटच्या दिवशी. भाडं १८,०००. कार्डावर टाकता येईल असा खर्च म्हणजे किराणा-भाजी ८,०००, ऑनलाइन खरेदी ६,०००, वीज-गॅस-मोबाइल ४,००० आणि स्कूटरचं पेट्रोल १,५००.

समोर दोन कार्डं आहेत. पहिल्याची वार्षिक फी ९९९ आहे. ठरावीक साइटवर ५ टक्के कॅशबॅक, बाकी ठिकाणी १ टक्का, आणि वर्षात दोन लाख खर्च केला तर फी माफ. दुसरं कायमचं मोफत रुपे कार्ड आहे, त्यावर १ टक्का. दोन्हींची मर्यादा एक लाख.

प्रश्न असे. यातलं कोणतं घ्यावं? ४०,००० चा फ्रिज घ्यायचा आहे, तो सहा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घ्यावा की एकरकमी? की सरळ कार्डावर घेऊन किमान रक्कम भरत दोन-तीन महिन्यांत फेडला तरी चालेल? भाडं कार्डावर दिलं तर पॉइंट मिळतात म्हणतात, ते खरं का? दोनेक वर्षांत गृहकर्ज काढायचं आहे, त्यामुळे सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीचा गुणांक) बिघडलेला चालणार नाही.

हिशेबवही

शेवटून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळं त्यावरच उभं आहे. किमान रक्कम भरून फ्रिज फेडायचा विचार आजच सोडून द्या. का, ते आकड्यांत पाहा.

समजा तुमचं बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघतं आणि भरायची शेवटची तारीख त्यानंतर २० दिवसांनी, म्हणजे ४ तारखेच्या आसपास येते. २० जूनला फ्रिज घेतला. १५ जुलैच्या बिलात ४०,००० आले. ४ ऑगस्टला तुम्ही किमान रक्कम, म्हणजे ५ टक्के धरून २,००० भरले. लेट फी लागली नाही, बँकेचा फोन आला नाही, सगळं सुरळीत वाटतं.

आता १५ ऑगस्टचं बिल. खरेदीपासून शेवटच्या तारखेपर्यंतची बिनव्याजी मुदत फक्त पूर्ण बिल भरणाऱ्याला मिळते. थोडी जरी बाकी ठेवली तरी व्याज शेवटच्या तारखेपासून लागत नाही, ते खरेदीच्या दिवसापासून लागतं. दर महिना ३.७५ टक्के धरा, म्हणजे वर्षाला ४५. ४०,००० वर २० जून ते ४ ऑगस्ट असे ४५ दिवस, व्याज २,२१९. उरलेल्या ३८,००० वर पुढचे ११ दिवस, व्याज ५१५. बेरीज २,७३४. त्यावर १८ टक्के जीएसटी ४९२. एकूण ३,२२६ रुपये.

म्हणजे २,००० भरले आणि ३,२२६ वाढले. बाकी ४१,२२६ झाली, मूळ किमतीपेक्षा जास्त. त्यातही बाकी शून्यावर येईपर्यंत नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत बंद राहते. त्या काळात घेतलेल्या किराण्यावरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. लोक नेमके इथे अडकतात, कारण हे व्याज पहिल्या महिन्यात दिसतच नाही, पुढच्या बिलात येतं.

४०,००० पैकी ३९,५०० भरले आणि ५०० चुकून राहिले तरी बहुतेक बँका हीच पद्धत लावतात. ५०० च्या चुकीला त्या हिशेबानं व्याज आणि जीएसटी मिळून २,६०० च्या वर जातात. म्हणून बिलावर छापलेली एकूण रक्कम पैशापर्यंत भरायची. ३९,९९९.६० असेल तर ४०,००० भरा.

आता तारखा. पगार महिनाअखेरीस येतो, म्हणजे १५ तारखेचं बिल आणि ४-५ ची शेवटची तारीख ही जोडी तुम्हाला अगदी जुळणारी आहे. बँकेनं दुसरीच तारीख दिली तर बदलून मागा. किमान एकदा बिलाचं चक्र बदलून घेण्याची सोय द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अ‍ॅपमध्ये किंवा फोनवर होतं. या चक्रात १६ तारखेला केलेल्या खरेदीला ४९ दिवस मिळतात आणि १५ तारखेला केलेल्या खरेदीला फक्त २०. मोठी वस्तू बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी घ्यायची ती यासाठी.

ऑटोपे (बिल खात्यातून आपोआप भरलं जाण्याची सोय) लावा, पण फॉर्मवर दोन पर्याय असतात: 'एकूण देय' आणि 'किमान देय'. काही ठिकाणी दुसऱ्या पर्यायावर आधीच खूण असते. ती काढून पहिल्यावर करा. ऑटोपे नोंदवल्यावर पहिलं बिल बहुधा त्यात येत नाही, म्हणून ते हातानं भरा आणि दुसऱ्या बिलावर ऑटोपेची नोंद छापून आली का ते पाहा. खात्यात पैसे आदल्या रात्रीच असू द्या. पुरेसे पैसे नसताना ऑटोपे परतला तर खात्याची बँक आणि कार्डाची बँक दोघंही दंड लावतात.

दुसऱ्या अ‍ॅपवरून बिल भरत असाल तर तीन दिवस आधी भरा. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही आणि क्रेडिट ब्युरोला (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थेला) थकबाकी कळवता येत नाही, असा नियम आहे. पण ही सूट फी आणि ब्युरोच्या नोंदीपुरती आहे. व्याज त्या तीन दिवसांतही चालूच असतं.

गिरगावकर_काका

वरचं सगळं बरोबर. आता कार्डांची तुलना करू, कारण जाहिरातीतले टक्के आणि हातात पडणारे रुपये यांत बरंच अंतर आहे.

पहिलं कार्ड घ्या. ऑनलाइन ६,००० वर ५ टक्के म्हणजे ३००. किराणा ८,००० वर १ टक्का म्हणजे ८०. वीज, गॅस, मोबाइल यांवर बऱ्याच कार्डांत काहीच मिळत नाही किंवा नगण्य मिळतं, ते शून्य धरा. पेट्रोलवरही शून्य. महिन्याचे ३८०, वर्षाचे ४,५६०. फी ९९९ अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १,१७९. हातात उरले ३,३८१.

दुसऱ्या, मोफत कार्डावर १४,००० चा १ टक्का म्हणजे महिना १४०, वर्षाचे १,६८०.

फरक वर्षाला १,७०१ रुपयांचा, पहिल्याच्या बाजूनं. पण तो मिळायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. तुमची ६,००० ची ऑनलाइन खरेदी त्या 'ठरावीक' साइटवरच व्हायला हवी. कॅशबॅकला महिन्याची कमाल मर्यादा असते, ती ३०० च्या वर असायला हवी. आणि मिळतं ते थेट बिलातून वजा होणारं कॅशबॅक असावं, पॉइंट नसावेत. पॉइंट असतील तर एका पॉइंटचे किती पैसे हे विचारा. बऱ्याचदा २० ते २५ पैसेच असतात, शिवाय पॉइंट वटवायला ९९ अधिक जीएसटी अशी फी आणि दोन-तीन वर्षांची मुदत.

फीमाफीच्या दोन लाखांत फसू नका. तुमचा सगळा खर्च १९,५०० गुणिले १२, म्हणजे २,३४,००० होतो आणि फी माफ होईल असं वाटतं. पण भाडं, पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे आणि पुष्कळ कार्डांत वीज-गॅसची बिलं या मोजणीत धरत नाहीत. मग तुमचे मोजले जाणारे फक्त १,६८,०००. फी लागणारच. मर्यादा गाठायला म्हणून मार्चमध्ये ३२,००० ची नको ती खरेदी करणं हा तोट्याचा धंदा.

आता हा आकडा हिशेबवहींच्या आकड्याशेजारी ठेवा. चांगल्या कार्डानं वर्षभरात मिळवलेले ३,३८१. एका महिन्याच्या 'किमान देय'नं गेलेले ३,२२६. वर्षभराची जवळजवळ सगळी कमाई एका चुकीत जाते. म्हणून पहिलं वर्ष मोफत रुपे कार्डावर काढा, बारा बिलं पूर्ण भरा, आणि मग आपला खरा खर्च बघून पाच टक्केवालं घ्यायचं का ते ठरवा.

कार्ड स्टेशनबाहेरच्या किंवा मॉलमधल्या टेबलावर घेऊ नका. तिथल्या माणसाला अर्ज मोजून पैसे मिळतात, तो तीन बँकांचे तीन अर्ज भरून घेतो. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलमध्ये नोंदली जाते. बँकेच्या साइटवर स्वतः एकच अर्ज करा आणि 'महत्त्वाच्या अटी व शर्ती' हा कागद उतरवून घ्या. व्याजदर, रोख काढण्याची फी, परकीय चलनाचा अधिभार आणि कशावर पॉइंट नाहीत, हे सगळं त्यातच असतं. 'कार्ड प्रोटेक्शन' किंवा विमा असं काही चिकटवलं असेल तर तिथंच नाही म्हणा. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय ते लावता येत नाही.

लॅमिंग्टन_रोड

फ्रिजचा हिशेब मी देतो.

'नो कॉस्ट'मध्ये व्याज असतंच. बँक तिच्या नेहमीच्या दरानं व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट आधीच देतो, म्हणून बेरीज छापील किमतीइतकी दिसते. ४०,००० चा फ्रिज, सहा महिने, दर १६ टक्के धरला तर हप्ता ६,६६७ पडतो. बँकेच्या वहीत कर्ज ३८,१९७ चं आणि व्याज १,८०३. व्याज सूटीतून भरून निघालं, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, ३२४ रुपये, तुमच्या खिशातून. प्रक्रिया शुल्क १९९ अधिक जीएसटी म्हणजे २३५. एकूण ५५९ रुपये वरचे.

४०,००० हाताशी असतील आणि हप्त्यांच्या काळात बचत खात्यात अडीच टक्क्यांनी पडून राहतील असं धरलं तर सहा महिन्यांत साधारण २९० रुपये व्याज मिळेल. ५५९ देऊन २९० मिळवायचे, यात काही अर्थ नाही. पैसे जवळ असतील तर एकरकमी घ्या. पैसे खरोखर नसतील, तर मात्र ५५९ मध्ये सहा महिन्यांचं कर्ज स्वस्तच आहे. किमान रक्कम भरण्यापेक्षा कितीतरी बरं.

खरा पैसा मात्र दुकानात भाव करताना वाचतो. आधी विचारायचं, 'ईएमआय नको, आज एकरकमी घेतो, शेवटचा भाव काय?' बऱ्याचदा विक्रेता जी सूट बँकेच्या व्याजापोटी देणार असतो ती किंवा तिचा काही भाग तुम्हाला थेट देतो. वरच्या उदाहरणात ती १,८०३ होती. नंतर विचारायचं, 'कार्डानं दिले तर भाव हाच ना?' लहान दुकानांत स्वाइप केल्यावर दोन टक्के वर मागतात. ४०,००० वर ते ८०० होतात आणि तुमचं १ टक्का कॅशबॅक ४००. अशा वेळी कार्ड खिशात ठेवा आणि यूपीआयनं खात्यातून द्या.

सणाच्या दिवसांतल्या बँक ऑफरची ओळ पूर्ण वाचा. '१० टक्के सूट' याच्याखाली बारीक अक्षरात 'कमाल १,५००', 'किमान खरेदी अमुक', 'फक्त ईएमआय व्यवहारावर' असं असतं. ४०,००० वर १,५०० म्हणजे पावणेचार टक्केच. ऑफर फक्त ईएमआयवर असेल तर १,५०० मधून ५५९ वजा करा. ९४१ उरतात, म्हणजे तेव्हा ईएमआय घेतलेला परवडतो. आकडे मांडल्याशिवाय हे कळत नाही. छोट्या, तीन महिन्यांच्या ईएमआयवर तीच सूट असेल तर तोच निवडा, व्याज कमी म्हणून जीएसटीही कमी.

ईएमआयच्या आणखी काही बाजू आहेत. संपूर्ण रक्कम मर्यादेतून अडकते आणि हप्त्याहप्त्यानं मोकळी होते, म्हणजे एक लाखातले सुरुवातीला साठ-बासष्ट हजारच वापरायला उरतात. पॉइंट बहुतेक वेळा मिळत नाहीत. मध्येच फेडलं तर साधारण ३ टक्के शुल्क अधिक जीएसटी. आणि वस्तू परत केली तर ईएमआय आपोआप रद्द होतोच असं नाही, बँकेला कळवून रद्द करून घ्यावा लागतो. नाहीतर रिफंड वेगळा पडून राहतो आणि हप्ते चालू राहतात. सोनं ईएमआयवर घ्यायचा विचार असेल तर तो सोडा, दागिन्यांच्या खरेदीला ही सोय नाही.

लोकलप्रवासी

रुपे कार्ड यूपीआयला जोडलं की भाजीवाल्यापासून मेडिकलपर्यंत क्यूआरवर चालतं. ही सोय २०२२ पासून आहे. जोडताना कार्डासाठी वेगळा यूपीआय पिन करावा लागतो, एटीएमचा पिन चालत नाही. क्यूआर दुकानाच्या खात्याचा हवा. भाजीवाल्यानं स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर लावला असेल तर क्रेडिट कार्ड नाकारलं जातं, कारण व्यक्तीकडून व्यक्तीला पैसे पाठवायला ते वापरता येत नाही. काही कार्डं यूपीआयच्या व्यवहारांवर कमी पॉइंट देतात किंवा महिन्याची मर्यादा घालतात, ते अटींमध्ये बघा.

एक धोका लक्षात ठेवा. पूर्वी २०-३० रुपयांचे व्यवहार बचत खात्यातून जायचे आणि शिल्लक कमी झालेली दिसायची. आता तेच कार्डावर जमतात आणि बिल निघेपर्यंत कळत नाही. अ‍ॅपमध्ये कार्डाची स्वतःची मर्यादा खाली ओढून ठेवता येते. तुमचा खर्च २० हजारांचा आहे, तर वापरमर्यादा २५ हजारांवर आणा. मोठी खरेदी असेल त्या दिवशी वाढवा. बँकेनं दिलेली मर्यादा एक लाखच राहते, त्यामुळे सिबिलला त्रास नाही.

हिशेबवही

भाड्याचं राहिलं होतं. १८,००० वर अ‍ॅपचं शुल्क दीड टक्का धरा, २७० अधिक जीएसटी म्हणजे ३१८.६०. वर बँक भाड्यावर १ टक्का लावते, १८० अधिक जीएसटी म्हणजे २१२.४०. महिन्याचे ५३१, वर्षाचे ६,३७२. पॉइंट बहुतेक कार्डांवर शून्य. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांचे (ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपन्यांचे) नवे नियम आल्यावर बऱ्याच अ‍ॅपनी ही सोयच बंद केली. भाडं खात्यातून द्या.

पेट्रोलवर १ टक्का इंधन अधिभार लागतो, तो ठरावीक रकमेच्या व्यवहाराला परत मिळतो. पण त्यावरचा जीएसटी परत मिळत नाही. १,५०० वर अधिभार १५ रुपये परत, २.७० गेले. रक्कम क्षुल्लक आहे, पण पॉइंटही नाहीत, मग उगाच कशाला? साधं यूपीआय करा.

भांडुपला वीज महावितरणची. बिलावर लवकर भरल्यास थोडी कमी रक्कम छापलेली असते, ती तारीख गाठा. तो फायदा नक्की आहे आणि त्याला कोणतंही कार्ड लागत नाही. क्रेडिट कार्डावर वेगळं शुल्क दिसलं तर यूपीआय निवडा.

एटीएममधून कार्डानं रोख काढू नका. साधारण अडीच टक्के किंवा किमान ५०० रुपये फी, आणि व्याज त्याच दिवसापासून. इथे बिनव्याजी मुदत नसतेच. परदेशी साइटवरची सभासद वर्गणी कार्डावर असेल तर परकीय चलनाचा अधिभार साडेतीन टक्के अधिक जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. किंमत रुपयांत दाखवली तरी दुकान परदेशात नोंदलेलं असेल तर अनेक बँका १ टक्का लावतात.

खिडकी_क्रमांक_तीन

सुरक्षिततेचं कुणी लिहिलं नाही आणि आपल्या गर्दीत ते सगळ्यात आधी हवं.

कार्ड टेकवून होणारे ५,००० पर्यंतचे व्यवहार पिनशिवाय होतात. संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये पाकीट गेलं तर घरी पोहोचेपर्यंत तीन-चार व्यवहार होऊ शकतात. अ‍ॅपमध्ये टेकवून देण्याची सोय बंद करा किंवा तिची मर्यादा ५०० वर आणा. परदेशी व्यवहार आणि एटीएम हे दोन्ही बंद ठेवा. नवीन कार्डावर परदेशी व्यवहार आधीच बंद असतात, ते चालू करू नका; देशातलं एटीएम मात्र चालू असतं, ते स्वतः बंद करा. कार्ड ब्लॉक करण्याचा क्रमांक फोनमध्ये साठवा आणि घरातल्या दुसऱ्याच्या फोनमध्येही, कारण पाकिटाबरोबर फोनही जातो.

आपण न केलेल्या व्यवहाराचा मेसेज आला तर क्रम असा: आधी कार्ड ब्लॉक, मग बँकेकडे तक्रार आणि तिचा क्रमांक, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, अशी तिसरीकडची फसवणूक असेल आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाचे दिवस लावले तर काही भार तुमच्यावर येतो. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. 'तुमचे पॉइंट आज संपतायत' असा फोन येतो तो ओटीपीसाठीच. बँकेला पॉइंट द्यायला ओटीपी लागत नाही.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. फोर्टला रिझर्व्ह बँकेत जायची गरज नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा मात्र हवा, म्हणून फोनवर बोलल्यावरही ईमेल टाका.

मित्राची, नातेवाइकाची खरेदी तुमच्या कार्डावर करू देऊ नका. वर्षात कार्डांची बिलं मिळून दहा लाखांवर गेली किंवा रोखीनं एक लाखावर भरली, तर ती माहिती आयकर खात्याकडे जाते आणि तुमच्या नावावर दिसते.

भांडुपकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी मोफत रुपे कार्ड, बिल १५ ला, एकूण देयचा ऑटोपे, भाडं खात्यातून. फ्रिज एकरकमी घेते, पैसे बाजूला काढलेले आहेत.

दोन शंका उरल्या. ज्या महिन्यात फ्रिज घेईन त्या महिन्यात बिल ६०,००० होईल, मर्यादा एक लाख. सिबिलवर परिणाम होईल का? आणि ऑनलाइन घेतलेली वस्तू बिल निघाल्यावर परत केली आणि रिफंड आला, तर बिलातून तेवढे कमी करून भरू का?

गिरगावकर_काका

ताई, पहिल्याचं उत्तर हो, तात्पुरता होतो. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवणं चांगलं समजतात. तुमचा नेहमीचा २० टक्के आहे, त्या महिन्यात ६० दिसेल. उपाय सोपा आहे. ब्युरोला बाकी कळवली जाते, तुम्ही महिनाभरात किती फिरवलं ते नाही. फ्रिज घेतल्यावर बिलाची वाट न पाहता आठवड्याभरात ४०,००० भरून टाका. पैसे बाजूला आहेतच. मग १५ तारखेचं बिल २०,००० चंच निघेल. जानेवारी २०२५ पासून बँका निदान दर पंधरवड्याला माहिती कळवतात, त्यामुळे लवकर भरलेलं लवकर दिसतं. बिनव्याजी दिवसांचं थोडं व्याज बुडेल, पण बचत खात्याच्या दरानं ते शंभर-सव्वाशे रुपये. गृहकर्जाच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत तरी हे पाळा. आणि तेव्हा नवीन कार्डासाठी अर्ज करू नका.

चारही ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. दर तीन महिन्यांनी एकाचा मागवला की वर्षभर नजर राहते. त्यात चूक दिसली तर ब्युरोकडे तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

हिशेबवही

रिफंडचं उत्तर. शेवटच्या तारखेआधी आलेला रिफंड देय रकमेतून लगेच वजा करून तुम्हाला कळवावा, असा नियम आहे. पण रिफंड 'मंजूर झाला' असा साइटचा मेसेज आणि कार्डावर प्रत्यक्ष जमा होणं यात पाच-सात दिवस जातात. म्हणून साइटवर विश्वास ठेवू नका, कार्डाच्या अ‍ॅपमधली देय रक्कम बघा. तिथे आकडा कमी झालेला दिसला तरच कमी भरा, आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधीपर्यंत कमी झाला नसेल तर छापलेली पूर्ण रक्कम जाऊ द्या. ऑटोपे असेल तर तो तसंही तेवढीच घेईल. नंतर रिफंड आला की कार्डावर जमा शिल्लक दिसेल. ती पुढच्या बिलातून वजा होते, आणि मोठी असेल तर बँकेला कळवून स्वतःच्या बचत खात्यात मागून घेता येते.